तिसऱ्या भागातल्या दोन मात्रा

बर्मिंगहॅमला आमच्या घराजवळच्या लायब्ररीत दाराशी एक नोटिस बोर्ड होता. हरवलेलं मांजर, पियानोची शिकवणी, जुनी प्रॅम विकणे आहे, अशा चिठ्ठ्यांमध्ये एका शनिवारी मला एक कार्ड दिसलं. हिरव्या शाईत लिहिलं होतं: ‘नऊपर्यंत मोजता येणारा तालवादक हवा. तुर्की आणि बाल्कन संगीत. रविवारी दुपारी दोन ते पाच.’ खाली एका चर्चच्या हॉलचा पत्ता होता. मी ते कार्ड दोनदा वाचलं. ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं, मी चाळिशी ओलांडली होती आणि या देशात येऊन मला अकरा वर्षं झाली होती. मला येत असलेली ही एक गोष्ट कोणाला तरी हवी आहे, असं त्या अकरा वर्षांत पहिल्यांदाच लेखी दिसत होतं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर. तिच्या नोकरीमुळे आम्ही इकडे आलो, आणि मागाहून मला एका इंजिनियरिंग कारखान्यात तपासणी विभागात काम मिळालं. दिवसभर सुटे भाग मोजायचे, इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत, आणि माप बरोबर असेल तरच सही करायची.

“नऊपर्यंतच?” ती म्हणाली. “अहो, तुम्ही जिना चढताना पायऱ्या मोजता. जा की.”

“तबला कपाटातून निघतो वर्षातून एकदा, गणपतीला. तोही भजनी ठेक्यापुरता.”

“मग या वर्षी दोनदा काढा. संडेला नाहीतरी तुम्ही गटार साफ करण्याशिवाय करता काय?”

सांगलीला असताना मी सात वर्षं तबला शिकलो होतो. मोठा वादक नव्हतो, पण ठेका सोडायचो नाही. रविवारी डग्गा एका पिशवीत, तबला दुसऱ्या पिशवीत घेऊन मी दोन बस बदलून गेलो. दोनला सहा मिनिटं कमी होती.

हॉलमध्ये तिघं होते. कार्ड लिहिणाऱ्या बाई इंग्लिश, एका शाळेत संगीत शिकवायच्या आणि क्लॅरिनेट वाजवायच्या. सुट्ट्यांमध्ये बाल्कनमधल्या खेड्यांत फिरून त्यांनी लग्नांतली, जत्रांतली गाणी टेप केली होती. दुसरा एक मॅसेडोनियन, माझ्या वयाचा, एका हॉस्पिटलच्या किचनमध्ये स्वयंपाकी. तो अकॉर्डियन वाजवायचा. तिसरे एक वयस्कर गृहस्थ भिंतीजवळ कोट न काढता बसले होते. मांडीवर ऊद होतं, कलिंगड उभं कापल्यासारखं गोल पोट आणि मागे मोडलेली मान असलेलं ते तंतुवाद्य. ते सायप्रसचे तुर्क, पेशानं शिंपी. सगळे त्यांना उस्ता म्हणायचे, म्हणजे हातात कला असलेला कारागीर. मीही तेच म्हणू लागलो.

“इंग्लिश ड्रमर चारपर्यंत मोजतो आणि चहाला जातो,” मॅसेडोनियन मला म्हणाला. “तू किती मोजतोस?”

“मी इंग्लिश आहे,” बाई म्हणाल्या.

“पण तू ड्रमर नाहीस. देवाची कृपा.”

मी म्हटलं, “सोळापर्यंत रोजचं. त्याच्या पुढे विचारून सांगीन.”

त्यानं अकॉर्डियनचा भाता उघडला आणि एक नाच सुरू केला. चार-पाच आवर्तनांतच माझ्या लक्षात आलं. सात मात्रा. तीन, दोन, दोन. अरे, हा तर रूपक! आमचा गंभीर, सावकाश चालणारा रूपक, पण कोणी तरी मागे कुत्रं सोडल्यासारखा पळत होता. मी तबल्यावर हात टाकला. दोन आवर्तनं धडपडलो, तिसऱ्यात पकडला. मॅसेडोनियन ओरडला, “हा! हा!” आणि लय आणखी वाढवली. मग नऊ मात्रांचं एक वाजवलं: दोन, दोन, दोन, तीन. आमच्याकडे नऊ मात्रांचे ताल पुस्तकात असतात, मैफलीत क्वचित भेटतात. इथे लोक त्यावर लग्नात नाचत होते! मग अकरा. अकरावर मात्र मी तीनदा पडलो.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी काचेवर बोटांनी दोन-दोन-तीन-दोन-दोन वाजवत होतो. शेजारचे गृहस्थ उठून पुढच्या सीटवर गेले. मला त्याचं काही वाटलं नाही. घरात पाय टाकल्या टाकल्या मी बायकोला स्वयंपाकघरातच पकडून सांगायला लागलो, “अगं, सात मात्रा, रूपकासारख्याच, पण...” तिनं गॅस बारीक केला आणि म्हणाली, “बूट काढा आधी. आणि हे असे रोज हसत नाही तुम्ही. दर संडेला जा.”

मी दर रविवारी जाऊ लागलो. पुढच्या चार वर्षांत मी एकूण सात रविवार चुकवले, त्यातले तीन तापामुळे.

बाईंचं म्हणणं सरळ होतं. हे संगीत जुन्या रेकॉर्डवर आहे, काही लोकांच्या डोक्यात आहे. ते काचेच्या कपाटात नको. समोर खुर्च्या मांडून, त्यात माणसं बसवून वाजवायला हवं. बाल्कनचे नाच मॅसेडोनियनकडून आणि बाईंच्या टेपांवरून यायचे. इस्तंबूलच्या दरबारातल्या, तिथून सायप्रसपर्यंत पोचलेल्या जुन्या संथ रचना मात्र फक्त उस्तांकडे होत्या. ते कागदावरून शिकवत नसत. समोर बसवायचे आणि गुडघ्यांवर ताल धरायला लावायचे. उजवा हात उजव्या गुडघ्यावर पडला की ‘दुम’, डावा डाव्यावर पडला की ‘तेक’. हाताला ताल बसला की मगच तोंडानं सूर. मला हे परकं वाटलंच नाही. आम्हीही टाळी आणि खाली हातानं दाखवूनच शिकलो होतो.

पण माझ्या हाडात एक सवय होती आणि तिनं पहिल्याच महिन्यात माझं हसं केलं. आमचं गाणं-बजावणं समेवर येऊन संपतं. आवर्तन पुरं झालं की पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा, त्यावर सगळे एकदम येतात आणि ऐकणाऱ्याची मान हलते. त्यांची रचना आवर्तनाच्या आतच संपायची. उस्ता, बाई, मॅसेडोनियन तिघंही थांबले आणि त्या शांततेत मी एकट्यानं जोरात एक ‘धा’ मारला.

“मुहेंदिस बे,” उस्ता म्हणाले. मी इंजिनियरिंग कारखान्यात काम करतो म्हणून त्यांनी मला ठेवलेलं हे नाव, इंजिनियरसाहेब. “सगळे पाहुणे गेले. तू दार कोणासाठी वाजवतोस?”

मॅसेडोनियन अकॉर्डियनवर डोकं ठेवून हसत होता. पुढचे तीन आठवडे मी हॉलमध्ये शिरताना तो दारावर एक थाप मारायचा.

दोन वर्षांत आम्ही शाळांच्या जत्रेत, एका वृद्धाश्रमात, दोन लग्नांत वाजवलं. मी तबला मागे ठेवून बेंदिर घेतलं. बेंदिर म्हणजे आपल्या डफाचाच भाऊ. मग बाईंनी एक मोठा कार्यक्रम ठरवला, लायब्ररीच्या वरच्या मोठ्या हॉलमध्ये, वसंतात, रविवारी दुपारी. पहिला भाग संथ तुर्की, दुसरा भाग नाचांचा. त्यांनी उस्तांना विचारलं, “सुरुवात कशानं करायची?”

उस्तांनी ऊद खाली ठेवलं. मग म्हणाले, “माझ्या गुरूंचा एक पेश्रेव आहे.”

पेश्रेव म्हणजे मैफलीच्या सुरुवातीला वाजवायची, शब्द नसलेली रचना. तिचे चार भाग असतात आणि प्रत्येक भागानंतर एक ठरलेलं पालुपद येतं. उस्तांचे गुरूही शिंपी. निकोशियाला त्यांच्या दुकानात उस्ता पोरवयात काज करायला शिकले आणि तिथेच ऊद शिकले. हा पेश्रेव गुरूंनी स्वतः बांधलेला. लिहिलेला कुठेच नाही. बरोबरचे दोन शिष्य वारले होते. म्हणजे, उस्तांच्या माहितीप्रमाणे, तो जगात एकाच डोक्यात उरला होता.

“आणि तुम्ही दोन वर्षं सांगितलं नाहीत?” बाई जवळजवळ ओरडल्या.

“मला तो पूर्ण येतो की नाही, ते मला माहीत नाही,” उस्ता म्हणाले. “घरी वाजवायला भीती वाटते.” त्यांनी आमच्याकडे न बघता पुढचं सांगितलं. गेल्या वर्षभरात त्यांच्याकडून गोष्टी निसटत होत्या. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. शेजारणीचं नाव आठवेना. “माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं. आधी बारीक-सारीक. शेवटी मला ओळखत नव्हते.”

मग मॅसेडोनियन म्हणाला, “उस्ता, मी रोज सूपमध्ये दोनदा मीठ घालतो. वाजवा.”

लिहून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. सूर बाई लिहिणार, मात्रा मी. पुढच्या रविवारी मी घरचा कॅसेट रेकॉर्डर नेला. उस्ता वाजवताना पायानं ताल द्यायचे आणि लाकडी जमिनीवर त्याची थपथप यायची. टेपमध्ये ती येऊ नये म्हणून मी माझा ओव्हरकोट चार घड्या करून त्यांच्या पायाखाली ठेवला. नीटनेटकं काम करण्याची मला हौस. ते वाजवत होते आणि आम्ही तिघं श्वास रोखून बसलो होतो. साधारण सात मिनिटं. तिसऱ्या भागात सूर एकदम वर चढला. आधी दोन हळू स्वर, कोणी दार लोटून आत डोकावावं तसे, आणि मग खणखणीत वरचा षड्ज. माझ्या अंगावर काटा आला. वाजवून झाल्यावर बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. उस्ता म्हणाले, “बहुतेक झालं.”

मी घरी पंधरवडा बसून मोजलं. ताल अठ्ठावीस मात्रांचा. बोटांच्या पेरांवर मोजायचं, दर आवर्तनाला वहीत एक रेघ. पहिला भाग तीन आवर्तनं, चौऱ्याऐंशी मात्रा. पालुपद दोन आवर्तनं, छप्पन्न. दुसरा भाग चौऱ्याऐंशी. चौथा भाग चौऱ्याऐंशी. तिसरा भाग ब्याऐंशी.

पुन्हा मोजलं. ब्याऐंशी. सहा वेळा मोजलं आणि सहाही वेळा ब्याऐंशी. एकूण वीस आवर्तनांच्या पाचशे साठ मात्रा यायला हव्या होत्या, माझ्याकडे पाचशे अठ्ठावन्न होत्या. कुठे तरी दोन मात्रा हरवल्या होत्या आणि त्या हरवणारं डोकं कोणाचं, हे मी मोजायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

रविवारी मी वही घेऊन गेलो आणि सांगितलं. कमी-जास्त करून सांगायची मला सवय नाही. कारखान्यात माप चुकलं तर चुकलं म्हणायचं, एवढंच मला येतं. “उस्ता, तिसऱ्या भागात दोन मात्रा कमी आहेत. तिथे तुम्ही काही तरी विसरलाय.”

त्यांनी वही हातात घेतली. रेघांवरून बोट फिरवलं. “तू मोजलंस?”

“सहा वेळा.”

“मग कमीच असतील,” ते म्हणाले. त्यांनी ऊद खोळीत घातलं, टोपी घातली आणि चहा न घेता गेले. त्यांच्या पाठीमागे दार बंद झाल्यावर मॅसेडोनियन माझ्याकडे वळून म्हणाला, “तू माणूस आहेस की फुटपट्टी?”

पुढच्या रविवारी उस्ता आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. बाई त्यांच्या शिवणाच्या दुकानात जाऊन आल्या. ते म्हणाले होते की कार्यक्रम नाचांनीच सुरू करा, आणि आता मला ऊदला हात लावायचा नाही. कार्यक्रमाला सात आठवडे होते.

तिसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी सकाळी बायको दिवाणखान्यात इस्त्री करत होती. मी कॅसेट लावून, वही उघडून पुन्हा टाळ्या देत तपासत होतो. हरवलेल्या मात्रा कुठल्या सुरांच्या असाव्यात याचा अंदाज करता आला तर तो घेऊन उस्तांकडे जावं, असा माझा बेत होता. पुण्याला असताना ती गाणं शिकली होती, मोजायची नाही, पण कानाची पक्की. दुसऱ्या भागानंतरचं पालुपद संपलं, तिसरा भाग सुरू झाला आणि तिनं इस्त्री उभी केली.

“अहो, तिथे हात का थांबवलात?”

“कुठे?”

“आत्ता. पालुपद संपल्यावर. तुमचा हात हवेत राहिला, मग टाळी दिलीत. पहिल्या वेळी पालुपदानंतर नव्हता राहिला.”

“ते दोन स्वर मुखडा आहे. मुखडा झाला की सम. वरच्या सा-वर सम आहे, तिथून मोजायचं.”

“कोणी सांगितलं मुखडा आहे? आपल्यात असतो म्हणून?”

मी टेप मागे घेतली. आमच्या बंदिशीत समेच्या आधी मुखडा येतो, त्या सुरांवरून घसरत समेवर यायचं. ते दोन हळू स्वर ऐकल्याक्षणी माझ्या कानानं त्यांना मुखडा ठरवलं होतं आणि खणखणीत षड्जाला सम. म्हणजे ते दोन स्वर मागच्या पालुपदाच्या शेपटीत गेले. मग पालुपद छप्पन्नच्या जागी अठ्ठावन्न व्हायला हवं होतं. मी वही बघितली. पहिलं पालुपद: छप्पन्न, रेघा सगळ्या जागेवर. दुसरं पालुपद: रेघा नाहीत. तिथे माझ्याच अक्षरात एक शब्द होता. ‘वरीलप्रमाणे.’

मी ते मोजलंच नव्हतं. सारखंच तर आहे, म्हणून मी तो शब्द लिहून पुढे गेलो होतो. कारखान्यात कोणी ‘वरीलप्रमाणे’ लिहून सहीला कागद आणला असता तर मी तो त्याच्या तोंडावर फेकला असता. मी तिथल्या तिथे मोजलं. पालुपद बरोबर छप्पन्नला संपत होतं. त्याच्या पुढची मात्रा एक, ती त्या पहिल्या हळू स्वराची. तिसरा भाग तिथूनच सुरू होत होता. चौऱ्याऐंशी. पाचशे साठ! उस्तांचा पाय तिथे ‘दुम’ देत असणार, पण तो मीच ओव्हरकोटात गुंडाळून ठेवला होता.

“काय झालं?” बायकोनं विचारलं, कारण मी उभा राहिलो होतो.

“ते काही विसरलेले नाहीत. एक मात्रासुद्धा नाही!”

“मग इथे काय उभे आहात? अहो, स्वेटर उलटा आहे तुमचा!”

स्वेटर तसाच ठेवून मी कॅसेट रेकॉर्डर काखेत मारला आणि बस पकडली. अकरा वाजले होते. उस्तांच्या दुकानात घंटी वाजवत शिरलो तर ते खिडकीशी बसून एका जाकिटाची उसवलेली शिवण घालत होते.

“मुहेंदिस बे. पँट आणलीस?”

“उस्ता, चूक माझी आहे. दोन मात्रा माझ्याकडून गेल्या.”

त्यांनी सुई थांबवली नाही. “मला बरं वाटावं म्हणून म्हणू नकोस. मी रोज शोधतोय त्या दोन मात्रा. कधी इथे घालतो, कधी तिथे. आता तर मूळचं कसं होतं तेही आठवत नाही.”

माझ्या वहीवर विश्वास ठेवून ते बरोबर असलेली रचना दुरुस्त करत बसले होते. आणखी दोन आठवडे गेले असते तर ती खरोखरच मोडली असती. मी रेकॉर्डर कापायच्या टेबलावर ठेवला. “हे तुम्ही कोणी काही म्हणायच्या आधी वाजवलेलं आहे. मी बोलत नाही. तुम्ही फक्त गुडघ्यांवर ताल धरा.”

“गिऱ्हाइक येईल.”

“येऊ दे.”

मी बटण दाबलं. त्यांनी रेकॉर्डरकडे बघितलं. मग जाकीट बाजूला ठेवलं आणि उजवा हात गुडघ्यावर पडला. दुम. पहिला भाग, पालुपद, दुसरा भाग. त्यांचे डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते. मी पेरांवर मोजत होतो, पण तोंड घट्ट बंद ठेवून. पालुपद संपत आलं. माझा अंगठा शेवटच्या पेरावर आला आणि टेपमधून तो पहिला हळू स्वर निघाला. त्याच क्षणी उस्तांचा उजवा हात जोरात गुडघ्यावर आपटला. दुम! न थांबता, न चाचपता. हात पुढे चालत राहिला आणि वरचा षड्ज आला तेव्हा तो तिसऱ्या मात्रेवर होता, जिथे असायला हवा तिथेच. चौऱ्याऐंशीपर्यंत एकही हात चुकला नाही.

त्यांनी डोळे उघडले. “कुठे कमी आहे?”

“कुठेच नाही.”

“पुन्हा लाव.”

पुन्हा लावली. या वेळी ते मोठ्यानं गात होते. तेवढ्यात खरंच एक बाई पडदे घेऊन दारात आली. तिला त्यांनी गात गातच हातानं खुर्ची दाखवली आणि ती बिचारी बसली. टेप संपल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं, मुखडा, सम, ओव्हरकोट आणि ‘वरीलप्रमाणे’. ते ऐकत होते आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. ते हसत होते.

“तीन आठवडे,” ते म्हणाले, “मी रात्रंदिवस माझ्या बापाचा चेहरा बघतोय. आणि तू मोजलंच नव्हतंस!”

“नाही.”

“तुझ्या कारखान्याचं विमान असतं तर मी बसलो नसतो.”

“मीही नसतो बसलो.”

“दोन्ही बाह्या डाव्या कापणारा मी, आणि तू...” त्यांना हसण्यामुळे पुढे बोलता येईना. त्यांनी माझ्या स्वेटरची बाहेर आलेली शिवण चिमटीत धरली आणि त्या पडदेवाल्या बाईला दाखवली. “बघा. हा मला माप शिकवतो!”

दुसऱ्या दिवशी ते दोनच्या आधी हॉलमध्ये होते. त्यांच्या बाकीच्या विसरण्याचं काय होतं ते मला सांगता येणार नाही. बायकोच्या सांगण्यावरून त्यांनी तपासून घेतलं, आणि डॉक्टरांनी वय आणि काळजी यापलीकडे त्या वेळी काही सांगितलं नाही. पण पेश्रेव पुरा होता, हे आता चौघांना माहीत होतं. बाईंनी तो शिकून घ्यायला तीन रविवार घेतले, मॅसेडोनियननं पाच. अकॉर्डियनमध्ये उस्तांचे मधले बारीक स्वर निघत नसत, म्हणून तो या रचनेपुरता त्याच्या आजोबांचं तंबुऱ्यासारखं लांब मानेचं वाद्य घेऊन आला आणि ते रोज बेसूर होतं म्हणून शिव्या देत राहिला. मी ओव्हरकोट खुंटीला अडकवला. उस्तांचा पाय लाकडावर वाजत होता आणि त्या आवाजावर मी बेंदिर जुळवत होतो.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही एकशे चाळीस खुर्च्या मांडल्या. पावणेतीनला त्या भरल्या. लायब्ररीच्या माणसानं खालून तीस आणल्या, त्याही भरल्या, आणि मागे भिंतीला टेकून लोक उभे राहिले ते मोजायला मला वेळ मिळाला नाही. बाईंच्या शाळेतले पालक, किचनमधले मॅसेडोनियनचे सोबती, लंडनहून आलेली सायप्रसची कुटुंबं, आणि तिसऱ्या रांगेत आमची मराठी मंडळी, नऊ जण, डब्यासकट. बायकोनं सगळ्यांना दम दिला होता की मध्येच ‘वा’ म्हणायचं नाही, तिथे चालतं की नाही माहीत नाही.

उस्तांनी एक गोष्ट आधीच ठरवून घेतली होती. तिसऱ्या भागाचे ते पहिले दोन स्वर बाकी कोणी वाजवायचे नाहीत. फक्त त्यांचं ऊद, आणि खाली माझा एक ‘दुम’.

आम्ही सुरू केलं. पहिला भाग, पालुपद, दुसरा भाग. दुसरं पालुपद सुरू झालं तेव्हा मी मनात एकपासून मोजायला लागलो. पन्नास. बाईंनी क्लॅरिनेट ओठांपासून दूर केली. चोपन्न. मॅसेडोनियननं तारांवर हात ठेवून त्या बंद केल्या. छप्पन्न. हॉल एकदम गप्प झाला. मी उस्तांकडे बघितलं नाही, बघायची गरज नव्हती. माझी बोटं बेंदिरच्या मध्यावर पडली आणि त्याच्या नेमक्या वर त्यांचा स्वर आला. मग दुसरा. मग आम्ही चौघं मिळून वरच्या षड्जावर चढलो आणि तिसऱ्या रांगेतून कोणी तरी खच्चून “वा!” म्हणालं. ती माझी बायको होती.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. शेवटचं पालुपद, शेवटचा हात, आणि त्यानंतर लोक उभे राहिले होते. पुढच्या रांगेतली एक म्हातारी तुर्कीत काही तरी ओरडली. उस्तांनी भाषांतर केलं, “पुन्हा म्हणते.” बाईंनी घड्याळ बघितलं. उस्ता उठून पुढे आले, लोकांना बसायला सांगितलं आणि म्हणाले, “पुन्हा वाजवतो. पण आता फुकट नाही. गुडघे बाहेर काढा.” त्यांनी सगळ्या हॉलला तालातले पहिले ठोके शिकवले. दुम, तेक. पावणेदोनशे माणसांचे गुडघे! निम्म्यांचे चुकत होते. उस्ता रांगेत फिरून एकेकाचा हात धरून बसवत होते आणि आमच्या मराठी मंडळींतल्या एका सर्जनला म्हणाले, “तुम्ही माणसं कापता ना? मग डावा-उजवा कळायला हवा.” नाच सुरू व्हायला पन्नास मिनिटं उशीर झाला आणि कोणी उठून गेलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही चर्चच्या हॉलमध्ये जमलो तेव्हा मला वाटलं होतं की आता चहा पिऊ, कार्यक्रमाबद्दल बोलू. उस्तांनी कोट काढला. तो त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि ऊद सुरात लावायला घेतलं.

“माझ्या गुरूंचे आणखी आहेत,” ते म्हणाले.

बाईंचा कप हातातच राहिला. “किती?”

“हा एक होता. आणखी अकरा.” ते खुंट्या पिळत होते. “काही पुरे आहेत. काही नसतीलही. कुठे भोक असलं तर असू दे, तिथे थांबू आणि पुढे जाऊ.”

मॅसेडोनियननं अकॉर्डियन खाली ठेवलं, खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर गुडघ्याला गुडघा लावून बसला. मीही ओढली. उस्तांनी उजवा हात उचलला.